उसना गडी

विदरकोट गावच्या क्रिकेट संघातून एकदा तरी खेळायचं, एवढीच मेजर ऑब्रे पेनफोल्डांची इच्छा होती. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. तीही चहापान सांभाळणाऱ्या मिसेस गॅल्पिनना, काकडीचे सँडविच कापू लागताना.

सातव्या वर्षी घरच्यांनी त्यांना वसतिगृहात ठेवलं, तिथून ते थेट फौजेत गेले. एडन, सायप्रस, मलाया. दर दोन-तीन वर्षांनी नवी छावणी, नवा संघ. बायको मलायाच्या उकाड्याला कंटाळून इंग्लंडला परतली, ती त्यांच्याकडे पुन्हा आलीच नाही. निवृत्तीनंतर ते आमच्या गावात राहिले, कारण चर्चमागचं छोटं घर भाड्याने मिळत होतं. इथे त्यांचं कोणीच नव्हतं.

आमच्याकडे येणारा पाहुणा संघ बहुतेक वेळा एका गड्याने कमी असायचा. कुणाचं गवत कापायचं राहिलेलं, कुणाची गाय व्यायला आलेली. मग आमचा कॅप्टन लेन हस्केट, गावचा नळदुरुस्तीवाला, ओरडायचा, "मेजरसाहेब, जा बघू त्यांच्याकडे!" मेजर जायचे. कित्येक उन्हाळे ते आमच्याविरुद्धच खेळले. चहालाही पाहुण्यांच्या टेबलावर, अनोळखी माणसांत बसायचे.

त्या शनिवारी मात्र स्टोकलीवाले बारा जण घेऊन आले. मेजर पांढऱ्या कपड्यांत बाकावर बसून होते.

"पर्सी येत नाहीये, त्याची फटफटी बंद पडलीय," मी लेनला सांगितलं.

"मेलो! दहा जणांत काय खेळायचं?" मेजर बाकावरून अर्धवट उठले. लेनने स्टोकलीच्या कॅप्टनला हाक मारली, "काय रे, तुमचा बारावा देतोस का?"

"घेऊन जा. नाहीतरी कॅच सोडतो तो!"

सगळे हसले. मेजरही थोडे हसले, खाली बसले आणि बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. त्यांनी नुसतं विचारलं असतं, तरी कोण नाही म्हणालं असतं? पण बोलावलं की जायचं, आपण होऊन जागा मागायची नाही, हे त्यांच्या हाडात भिनलं होतं. आणि मेजर म्हणजे दुसऱ्यांना द्यायचा माणूस, हे आमच्या.

आमची फिल्डिंग संपली. चहाच्या वेळी मिसेस गॅल्पिननी किटली टेबलावर आपटली.

"लेन, त्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत कोण बसलंय रे? दूधवाला?"

लेनचा घास तोंडातच राहिला. तो धावत बाहेर गेला.

"मेजरसाहेब, चुकलंच हो. डोक्यातच आलं नाही. आता बॅटिंगला तुम्ही या, त्या पोराला मी सांगतो."

"छे, छे. त्याने एवढा वेळ उन्हात चेंडू अडवलेत. बॅटिंग त्याचीच." मेजरांचे कान लाल झाले होते.

आमची बॅटिंग सुरू झाली आणि थोड्याच वेळात स्टोकलीच्या एका गड्याचा अंगठा दुखावला. त्यांचा कॅप्टन सीमारेषेपाशी आला. "एखादा माणूस मिळेल का फिल्डिंगला?"

मैदानात लेन बॅटकडे बघत राहिला.

मेजर उठले. "कुठे उभा राहू?"

"नका ना जाऊ," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी तुम्ही आमच्याकडून. नक्की."

"पुढच्या शनिवारी कोण कमी पडतंय, ते बघू," ते म्हणाले आणि पार लांबच्या लिंडेनच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले.

लेनने एक चेंडू सणसणीत मारला. चौकारच होता तो. मेजर धावले. गुडघे वाकेनात, म्हणून त्यांनी सरळ नडगीच मध्ये घातली. चेंडू थांबला. लेन धावायचा थांबला आणि बॅट काखेत धरून टाळ्या वाजवू लागला.

"शाबास, आजोबा!" स्टोकलीचा कोणीतरी ओरडला. त्यांच्यापैकी कुणालाच मेजरांचं नाव ठाऊक नव्हतं.