पायावरचं पाखरू

साजगावातली निम्मी तरणी माणसं मोतीबाईने उलटीसुलटी करून न्हाऊ घातलेली, आणि हे ती त्यांना चारचौघांत ऐकवल्याशिवाय राहत नाही. परवा कारखान्याच्या गेटवर एका सुपरवायझरला म्हणाली, "आंघोळीला लई रडायचास रं तू!" बिचारा मान खाली घालून आत गेला.

बाळ-बाळंतिणीला तेल चोळून न्हाऊ घालणं हे तिचं आयुष्यभराचं काम. पाटावर बसायचं, पाय पसरायचे, बाळ पायावर आडवं घ्यायचं आणि सव्वा महिना झाला की लुगडं-नारळ घेऊन निघायचं. तिला स्वतःला मूल झालं नाही. लोकांच्या पोरांत जीव गुंतवायचा नाही, हे ती फार आधी शिकली होती. पण आताशा दवाखान्यातूनच सांगतात, चोळणं नको, धुरी नको. दोन वर्षं तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती घरात बसून तमाम डॉक्टरांचा उद्धार करायची, आणि तो संपला की तिला घर खायला उठायचं.

शेजारच्या जागृतीचा नवरा ओमकार पोपट पाळतो, करडे, डोक्यावर तुरा असलेले, दुकानात 'कॉकटेल' म्हणून मिळतात ते. त्यातल्या एका जोडीने आपलं एक पिल्लू टोचून टोचून घरट्याच्या पेटीबाहेर ढकललं. आत ठेवलं की पुन्हा बाहेर. नवरा-बायको दोघंही कामाला जाणारी, दर थोड्या वेळाने भरवणार कोण? जागृती खोका घेऊन मोतीबाईच्या दारात आली. खोक्यात उघडंवाघडं, मान न सावरणारं पिल्लू होतं.

"आयबापानं टाकलं? आन् तू बघत बसलीस?" मोतीबाईने खोका हिसकावूनच घेतला.

पिल्लांना भरवायची पावडर पाण्यात कशी कालवायची, किती कोमट ठेवायची, सगळं जागृतीने सांगितलं. पिल्लू धरायचं कसं, तेवढं मात्र सांगितलं नाही. मोतीबाईला ते शिकवण्याची साजगावात कुणाची छाती होती? तिने पाय पसरले, पिल्लू पायावर उताणं घेतलं आणि चमचा लावला. पिल्लाच्या नाकातून फेस आला, मान लटकली.

जागृतीने झडप घालून त्याला उभं केलं. "मावशी, पाखरू हाय ते! उताणं नाय, उभं धरायचं. घास श्वासात जातोय!"

पिल्लू शिंकलं आणि कितीतरी वेळ धापा टाकत राहिलं. मोतीबाईने चमचा खाली ठेवून हात पदराला पुसले. या हातांना इतक्या वर्षांत कुणी नावं ठेवली नव्हती, आणि आज त्यांनी एक जीव घेतला असता.

पिल्लू वाचलं. मग मात्र तिने त्याला डाव्या मुठीत उभं धरून, गळ्याखालची पिशवी टच्च होईपर्यंत, बेताबेताने भरवलं. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, असं पाखरालाच सांगताना तिला हसू यायचं. पिसं फुटली, तुरा आला, तिच्या खोकल्याची चाहूल लागली तरी ते चोच वासू लागलं. मोतीबाईचा जीव गुंतला तो गुंतलाच.

पिल्लू घरभर उडू लागलं, तरी चमच्याशिवाय खाईना. जागृती म्हणाली, चमचा बंद करा, वाटीत राळ्याचे दाणे ठेवा. मोतीबाई राळे ठेवायची आणि जागृतीची पाठ वळली की चमचाही काढायची.

अशात कर्जतहून तिच्या भाचीचा, रूपाचा फोन आला. "आत्या, डॉक्टर काय बी म्हणू दे, माझ्या बाळाला तूच पायजेस." हा फोन यावा म्हणून मोतीबाई दोन वर्षं झुरली होती. तरी ती म्हणाली, "मला नाय जमायचं गं. घरात लहान पोर हाय."

हे जागृतीच्या कानावर पडलं. "मावशी, उद्या तुमी आजारी पडलात तर हे उपाशी मरंल. भाविकाचं दूध तोडताना मला काय सांगितलं व्हतं तुमी?"

भाविका म्हणजे जागृतीची लेक. तिचं अंगावरचं दूध सुटेना, तेव्हा मोतीबाईने स्वतःच्या हाताने जागृतीला कडुनिंबाचा लेप लावला होता आणि दटावलं होतं, "पोर रडंल. तू रडायचं नाय."

दुसऱ्या दिवशी मोतीबाईने तोच उपाय केला. निंब वाटून चमच्याला फासला. पोपटाने चमचा चाटूनपुसून लख्ख केला आणि आणखी मागितलं. पोपटाला निंबाचं काय वावडं! जागृती हसून लोटपोट झाली. मोतीबाईला मात्र हसू आलं नाही, कारण आता औषध एकच उरलं होतं.

तिने चमचा धुऊन फळीवर ठेवला, राळ्यांची वाटी मांडली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पोपट ओरडला. तिच्या पाठीवर चढला, अंबाडा ओढला, पदर कुरतडला. ती हलली नाही. मग तो खाली उतरला आणि केविलवाणा ओरडतच राहिला. मोतीबाईने गुडघे घट्ट कवळून धरले. बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं, आणि मागून टिक टिक असा बारीक आवाज येऊ लागला.

जागृती दारात उभी होती. "राळे फोडतंय, मावशी. पोर कवाच रडायचं थांबलंय." ती जवळ येऊन बसली. "आता तुमी थांबा."

मोतीबाईने पदराने डोळे पुसले. "रूपाला फोन लाव," ती म्हणाली.