अक्का आणि त्यांचे कारभारी

सकाळी दवाखान्याची झाडलोट चालू होती, तेवढ्यात भडगावहून करुणाचा फोन आला. "सुटली, डॉक्टर," एवढंच म्हणाली. त्यांच्या घरच्या पारू कुत्रीचे दिवस भरत आले होते आणि मी फोनकडे कान लावूनच बसलो होतो. कुत्री व्यायली म्हणायचं असतं, सुटली नव्हे, पण त्या घरात व्यायली हा शब्द चालायचा नाही. तेव्हा मी मोठ्या आनंदात विचारलं, "किती?" करुणा हळूच म्हणाली, "पारू नाही. आई." मी जीभ चावली, पण चावून उपयोग काय, शब्द जाऊन पोचला होता. विमलअक्का गेल्या होत्या आणि मी त्यांच्या मुलीला पिल्लं किती म्हणून विचारत होतो. आज काही आठवड्यांनी हे लिहिताना मला हसू येतंय, आणि अक्कांना तर माझ्याआधी आलं असतं. पोटातल्या गाठीनं त्यांना फार छळलं होतं. त्या सुटल्या हे ऐकून दुःखाच्या आधी मलाही मोकळं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

अक्का सरकारी दवाखान्यातल्या नर्स. गिरणाकाठच्या खेड्यांत पायी फिरून त्यांनी निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केली. त्यांची एक पद्धत होती. बाळंतपण उरकलं की दारात येऊन एकच शब्द सांगायचा, "सुटली." ओट्यावरचा नवरा, सासू, आत्या सगळे एका सुरात विचारणार, "काय झालं?" अक्का हात पुसत गप्प उभ्या राहायच्या. कोणीतरी "ती कशी शे?" म्हणून बाईची चौकशी केल्याशिवाय मुलगा की मुलगी हे त्या सांगतच नसत. एका पाटलानं म्हणे बराच वेळ हट्ट धरला, आणि अक्का तेवढा वेळ त्याच्याच घरचा चहा पीत शांत बसून राहिल्या. शेवटी पाटलाच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं तेव्हा गाडं पुढे सरकलं. वंशाचा दिवा हा शब्द काढणाऱ्याला तर त्या दारातूनच पिटाळायच्या.

अशा बाईनं उतारवयात माझ्या जळगावच्या दवाखान्यात फोन करून सांगावं, "कारभाऱ्याला घेऊन येतेय, त्यांचं बीज जपून ठेवायचंय," म्हणजे काय? माझा कंपाउंडर अदबीनं म्हणाला, अक्का, टेस्ट ट्यूब बेबीवाले डॉक्टर मागच्या गल्लीत, इथे जनावरांचा दवाखाना आहे. तरी त्या आल्या, आणि मागोमाग कारभारी उतरले. पांढुरक्या थोबाडाचा, लांब पायांचा, थकलेला गावठी कुत्रा. नवरा लवकर वारला, मुलगी नोकरीला धुळ्यात, मग घरात कारभारी कोणीतरी हवा की नको, असं अक्कांचं म्हणणं. गल्लीतल्या बायका मुद्दाम विचारायच्या, कारभारी जेवले का? अक्काही तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, जेवले, आता वामकुक्षी चाललीय.

त्याच्या एका वृषणात गाठ झाली होती. दोन्ही काढून टाकणंच शहाणपणाचं होतं. अक्का म्हणाल्या, काढ, पण आधी ठेवून घे. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनात माझा जन्म गेला, पण कुत्र्याचं वीर्य गोठवायचं काम मी नुकतंच शिकून आलो होतो, आणि माझ्याकडे येणारे सगळे लॅब्रॅडॉरवाले नाहीतर पश्मी जातीच्या शिकारी कुत्र्यांचे मालक, कागदपत्रांची भेंडोळी घेऊन येणारे. मी हसून म्हटलं, अक्का, ह्याची वंशावळ काय लिहू? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी वाळलं. मग त्यांनी सांगितलं. या कारभाऱ्याची पणजी चांदी अक्कांबरोबर खेडोपाडी चालायची. अक्का आत बाळंतपणाला बसल्या की ती उंबऱ्याबाहेर बसायची आणि अक्का बाहेर येईपर्यंत भाकरी दाखवली तरी हलायची नाही. तिची पोर तशीच, नातही तशीच. कारभाऱ्याच्या वाट्याला बाळंतपणं आली नाहीत, तर तो अक्का आंघोळीला गेल्या तरी मोरीच्या दारात बसायचा. "वंश नको माले," अक्का म्हणाल्या, "दारात बसणारं कोणीतरी ऱ्हावाले पाह्यजे."

पहिल्या खेपेला कारभारी लाजले. माजावरची कुत्री पुढे उभी केली तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अक्कांनी मला, कंपाउंडरला आणि स्वतःला खोलीबाहेर काढायचं फर्मान काढलं. मी म्हटलं, अक्का, मी बाहेर गेलो तर घेणार कोण? शेवटी जमलं. वीर्य पातळ होतं, म्हाताऱ्याचं ते म्हाताऱ्याचंच, पण सूक्ष्मदर्शकाखाली काही शुक्रजंतू नेटानं पळत होते. त्यांना अंड्याच्या बलकाच्या द्रावणात सावकाश थंड केलं, बारीक नळ्यांत भरलं आणि द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत उतरवलं. शेजारी गीर वळूंचं बीज आणि मधे आमचे कारभारी. त्यानंतर ऑपरेशन झालं, पुढे दोन उन्हाळे काढून ते अक्कांच्या दारातच वारले. तोवर कारभाऱ्यांच्या भावंडांची केव्हाच नसबंदी झाली होती, त्यामुळे चांदीचं जे काही उरलं होतं ते माझ्या टाकीत होतं. अक्कांचा फोन ठरलेला. हालहवाल नाही, नमस्कार नाही, थेट, "मना कारभारी शे ना?" मी टाकीतला नायट्रोजन बघून सांगायचो, "शे."

मग त्यांनी पारूला आणून वाढवलं. पहिलं रेतन फुकट गेलं. मी तोंड पाडून बसलो, तर अक्काच मला समजावू लागल्या, अरे, असं होतं, दोघांपैकी कोणाचीच चूक नसते, हे मी किती सासवांना सांगितलंय. पुढच्या माजापर्यंत अक्कांच्या पोटातली गाठ उघड झाली होती. टाकीत आता एकाच खेपेपुरतं बीज शिल्लक होतं आणि अक्कांकडेही वेळ तेवढाच होता. गोठवलेलं बीज वितळल्यावर फार टिकत नाही, म्हणून रोजच्या रोज पारूचं रक्त तपासून आम्ही दिवस गाठला, आणि बारीक नळीनं ते थेट गर्भाशयात सोडलं. अक्का खुर्चीत बसून पारूचं डोकं मांडीवर धरून होत्या. स्वतःला कळ आली की ओठ मिटायच्या, पारूच्या डोक्यावरचा हात मात्र हलू द्यायच्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "आते बठ्ठं तुना हातमा शे." सगळं माझ्या हातात, या वाक्यानं मला जेवढी भीती वाटली, तेवढी कुठल्या ऑपरेशनला वाटली नव्हती.

महिन्याभरानं सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन मी भडगावला गेलो. अक्का अंथरुणालाच खिळल्या होत्या, म्हणून पारूलाच पलंगावर घेतलं. पडद्यावर ठिपके लुकलुकताना दिसले… छोटी छोटी काळजं. अक्कांनी उशाखालून त्यांचं जुनं नळकांडं काढलं, ज्यातून आयुष्यभर त्यांनी पोटातल्या लेकरांचे ठोके ऐकले होते ते, आणि पारूच्या पोटाला लावलं. एवढ्यात काही ऐकू येणं शक्य नव्हतं हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी कान लावून त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "शे. आते मी मोकळी." मला जीपमध्ये बसल्यावर रडू आलं, पण ते बरं वाटल्याचं रडू होतं.

अंत्ययात्रेला गेलो तेव्हा त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या बायकांच्या घोळक्यात पारू बसली होती. घरात माणसांची रीघ, म्हणून करुणानं तिला माझ्याबरोबर जळगावला पाठवलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे अक्कांच्या स्मरणविधीच्या, आदल्या दुपारी ती माझ्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या टेबलाखाली, माझी काही मदत न घेता व्यायली. एक पिल्लू काळंभोर, बाकीची पांढुरकी. मी हात धुतले आणि फोन लावला. करुणानं तो लगेच उचलला. मागे भांड्यांचे, माणसांचे आवाज येत होते.

"सुटली," मी म्हणालो.

अक्का गेल्या त्या सकाळचं, फोनवरचं माझं "किती?" मला आठवलं आणि मीही अक्कांसारखा हात पुसत वाट बघत राहिलो. मग अगदी आईच्या सुरात तिनं विचारलं, "ती कशी शे?"

"चांगली शे," मी म्हटलं. पिल्लं किती, ते तिनं त्यानंतर विचारलं.