उलटा हात

जामसंड्याला रेडिओ दुरुस्त करणारा एकजण होता. मी शाळेत शिकवायचो आणि सुट्टीत ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. खाऱ्या हवेनं तिच्या ॲम्प्लिफायरच्या आतल्या वायरी वर्षातून दोनदा तरी सुटायच्या, म्हणून त्याच्याकडे जाणं व्हायचं.

सुरांशी त्याला देणंघेणं नव्हतं. गिटार ॲम्प्लिफायरला जोडायची, उजव्या हाताची उलटी बाजू तारांना टेकवायची आणि म्हणायचं, "आसा." म्हणजे तारांत करंट आहे. मग ॲम्प्लिफायरची मागची पट्टी उघडून, सुटलेल्या अर्थिंगच्या वायरीला सोल्डरचा डाग देऊन पुन्हा तोच उलटा हात. "नाय." झालं काम.

सरळ हात विजेला चिकटून बसतो, उलटा झटकला जातो, एवढं त्यानं एकदा सांगितलं होतं. पण चहाचा कप, सायकलची सीट, सगळंच तो तसं चाचपायचा. मला ते बघवत नसे.

"टेस्टर वापरा की," मी म्हणालो.

"मास्तरानू, टेस्टराचो दिवो जाता. हात जाणा नाय."

एकदा देवळापुढे आमची तालीम होती. ॲम्प्लिफायर खरखरत होता, म्हणून त्यालाही बोलावलं होतं. मी तारा धरल्या, माइकला ओठ लावले आणि थेट स्टेजखाली जाऊन पडलो. लोक ओरडत होते. कुणीतरी म्हणालं, "मास्तर गेले!" माझे डोळे उघडेनात. तेवढ्यात गालाला हात लागला. उलटा.

"आसा," तो लोकांना म्हणाला, आणि माइकची वायर तपासायला गेला.