धुऱ्यावरची बाई

अक्षर वाईट आहे, चुकाही असतील. शाळा चौथीपर्यंतच झाली.

भाताचं रोवणं चालू असताना माझ्या जावेला बांधीतच, शेतातल्या चिखलाच्या वाफ्यातच, कळा आल्या. सुईण तिरोड्याला गेलेली. रोवायला आलेली परगावची एक बाई जाणती होती, पण तिला सुतक होतं, म्हणून ती शिवत नव्हती. दूर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभी राहून, हवेत भोपळा धरल्यासारखे चिखलाचे हात करून बाळाचं डोकं कसं धरायचं ते मला दाखवत होती.

मी हात मागे घेतले. "मावशी, मले नाही जमत."

"काऊन भेऊन राहिली? देवानं तुलेच बलावलं. हात तुये, काम त्याचं. धर डोक्शाले!"

मी धरलं. बाळ रडलं, तशी ती आभाळाकडे हात जोडून पुन्हा रोवायला उतरली.

आता गावात कुणालाही कळा आल्या की मलाच बोलावतात. मी प्रत्येक वेळी भीतच जाते.