पादरीबाबाच्या खांबाचा अर्ज

नांदेडात निवृत्त होऊन बसलो तरी लोक अर्ज लिहून घ्यायला दारात येतातच. कुणाच्या नातवाचा दाखला, कुणाची विजेच्या बिलाची तक्रार. अक्षर चांगलं असणं हा जन्माचा ताप आहे. कंधार, भोकर, परत कंधार अशी कारकुनी केली. हाताखालून किती कागद गेले, आता काही आठवत नाही. एक मात्र डोक्यातून जात नाही, आणि तो नोकरी लागण्याच्या आधीचा आहे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा आला अन् पाऊस गेला, असं आमच्याकडे लोक हसून म्हणायचे. दुसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही, तेव्हा हसणं बंद झालं. आमचं गाव लातूरपासून एसटीनं दीड तास. बौद्धवाड्याच्या तोंडाशी चौकात काळ्या दगडाचा एक खांब होता. निजामाच्या अमलात, एका जुन्या दुष्काळात कुणी गोरा पादरी इथं आला, अनाथ पोरं गोळा केली, शाळा आणि दवाखाना काढला आणि इथंच वारला. खांब त्याच्या नावाचा होता. लोक त्याला पादरीबाबा म्हणत.

गावात ख्रिस्ती घर उरलं होतं एकच, सिस्टरबाईंचं. मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स, पुढंमागं कुणी नाही. आमच्या वाड्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, मीसुद्धा. दर रविवारी त्या ओल्या फडक्यानं खांब पुसायच्या. टंचाईत कोरड्या फडक्यानं.

आम्ही सात-आठ बेकार पदवीधरांनी मंडळ काढलं होतं. ज्यांच्यामुळे आमच्या घरात पुस्तक आलं, त्यांचा पुतळा चौकात हवा, ही आमची मागणी. त्यात गैर काहीच नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. जागा मात्र एकच होती. खांब काढावा आणि पुतळ्याला परवानगी द्यावी, असा अर्ज मी लिहिला. तहसीलमधले बाबू म्हणाले, "ख्रिश्चन लोकांची हरकत नाही, असं लिहून आना." लोक म्हणजे सिस्टरबाई. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्यांचा माझ्यावर जीव होता.

तेव्हा सगळं गावच अर्जांवर सह्या करत होतं. टँकरच्या खेपा वाढवा, चारा द्या, काम काढा. टँकरच्या रांगेत सिस्टरबाई घागर घेऊन उभ्या होत्या. मी टँकरचा अर्ज पुढं केला. चष्मा घरी राहिला होता, तरी मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. वळणदार, सावकाश. वाड्यातल्या बायकांत सही येणाऱ्या त्या पहिल्या. मी दुसरा कागद पुढं केला.

"दोन कशाला रे बाबा?"

"एक तहसीलला, एक जिल्ह्याला," मी म्हणालो.

जिल्हा नवा होता, त्यामुळं कशालाही दोन कागद लागतील हे कुणालाही पटलं असतं. त्यांनी सही केली.

अर्जाचा पहिला भाग पंधरवड्यात मंजूर झाला. ट्रॅक्टर आला, साखळी बांधली, खांब ओढून नेला. दुसरा भाग विचाराधीन राहिला. मी नोकरीला लागलो तरी तो विचाराधीनच होता. चौथऱ्यावर बकऱ्या बसायच्या. सरकारनं आम्हाला बरोबर ओळखलं होतं: मोडायचं म्हटलं की लगबग, उभारायचं म्हटलं की सवड नाही.

खांब गेला त्या संध्याकाळी सिस्टरबाई माझ्याकडेच आल्या. "तुझं अक्षर चांगलं हाय. खांब परत द्या म्हनून लिव्ह." नाही म्हणायला तोंड नव्हतं. लिहिला अर्ज. कलेक्टर कचेरीत त्यांच्यासोबत गेलोही, कारण मला खात्री होती की जुन्या जिल्ह्याकडून आलेल्या गठ्ठ्यांत तिथं कुणाला काही सापडत नाही. आमची फाइल नेमकी वरच होती. कारकुनानं कागद त्यांच्याकडे फिरवला. "बाई, तुमचीच हरकत नव्हती की. ही सही कुनाची?"

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. अक्षर कुणाचं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या. आणि बाहेर पडल्या.

एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. मुरूडची गाडी लागली, सुटली, आमची काही सुटेना. त्या खिडकीकडे बघतच बोलल्या. "माझ्या मायला गाव न्हवतं. आई-बाप कोन, ठाव न्हाई. रस्त्यावर उचलली पादरीबाबानं. कुनी इचारलं, तू कुठली, तर ती त्या खांबाकडं बोट करायची. आता मी कुठं करू?"

मला माफी मागायची होती. गाव आलं, त्या उतरल्या, मी उतरलो. माफी राहिली ती राहिलीच. मला माझी लाज वाटते, आणि आता या वयात लाजेचाही थकवा आला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याची रेशनकार्डं निघाली. फॉर्म भरायला टेबलावर मीच. सिस्टरबाईंचा नंबर आला. मी फॉर्ममधला शब्द न् शब्द मोठ्यानं वाचला, दोनदा वाचला, मग पेन पुढं केलं. त्यांनी पेन बाजूला सारलं, शाईचा पॅड ओढून घेतला आणि डावा अंगठा उमटवला.

"सिस्टरबाई, तुमाला सही येते."

"येते की," त्या म्हणाल्या. "पन आता करत न्हाई."

अंगठा असला की त्याखाली 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला' असं लिहून साक्षीदारानं सही करायची असते. मी ते लिहिलं. मग त्यांच्यासमोर, त्या बघत असताना, खाली माझी सही केली.