हौदापासून अकरा फूट

खरं बोलून एवढ्या माणसांना वैताग आणणारा दुसरा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत झाला नसेल. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, जमीन मोजणीच्या सरकारी खात्यात होते. निवृत्त होताना खात्याने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. टेप मात्र त्यांनी स्वतः विकत आणली आणि शेवटपर्यंत ती खिशावेगळी केली नाही. लग्नाला गेले की आधी मांडव मोजायचे आणि मग अक्षता टाकायचे. "आज लई ऊन हाय," असं कुणी सहज म्हटलं तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "पुरावा काय, राव?" माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडचे म्हणाले, की आमचं घर जुन्नर स्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. काका चहा न पिताच उठले, स्टँडपर्यंत चालत जाऊन आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पावणं, तुमच्या पाच मिन्टाला अठरा मिन्टं लागत्यात. पोरगी द्यायला हरकत न्हाई, पर रिक्षाचं बगा." लग्न झालं. आमच्या ह्यांच्या मनातून मात्र ती अठरा मिनिटं अजून गेलेली नाहीत.

काकांच्या गावाला कुकडीच्या काठावर एक जुनी बादशाही बाग आहे. बाग म्हणजे एक दगडी हौद, त्यात कारंज्याचं मोडकं तोंड, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि आंबा-चिंचेची थोराड झाडं. निवृत्तीनंतर काकांनी ती आपणहून सांभाळायला घेतली. पुण्याहून हौशी लोक यायचे. त्यांना राण्यांच्या गोष्टी हव्या असायच्या आणि गाठ काकांशी पडायची. "ह्यो हौद. लांबी बत्तीस फूट. कुणी बांधला ठावं न्हाई. ही चिंच. घेर चौदा फूट. कुणी लावली ठावं न्हाई." एकदा एका बाईंनी लाडात येऊन विचारलं, "इथे राणीसाहेब जलक्रीडेला येत असतील, नाही?" काका म्हणाले, "हौद चार फूट खोल हाय. बाकी बगायला मी नव्हतो."

बागेतल्या एकाच झाडाची कुंडली त्यांना पूर्ण ठाऊक होती, ते म्हणजे हौदाजवळचा चाफा. मावशी लग्न होऊन आली तेव्हा माहेरची, म्हणजे पेठ गावची, चाफ्याची फांदी एसटीतून मांडीवर घेऊन आली होती. घराला अंगण नव्हतं म्हणून ती तिने बागेत नेऊन लावली आणि पहिला उन्हाळा नदीवरून कळशीने पाणी आणून जगवली. काकांचा हातभार एवढाच, की त्यांनी हौदापासूनचं अंतर मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. "फांदीला पाणी लागतं, आकडं न्हाई!" असं मावशी तेव्हा ओरडली होती म्हणे. तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा, त्यामुळे याला साक्षीदार पुष्कळ. मावशी गेल्यावर काका रोज संध्याकाळी त्या झाडाखाली बसू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घेर मोजतोय." चाफ्याचं खोड रोज मोजण्याइतकं वाढत नाही, हे गावात सगळ्यांना कळत होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बागेचा जीर्णोद्धार निघाला. हुकूम असा, की मूळची झाडं ठेवायची आणि नंतरची काढून तिथे हिरवळ लावायची. मूळची कोणती आणि नंतरची कोणती, ही यादी करायला काकांशिवाय लायक माणूस कोण? काका टेप घेऊन निघाले. सरपंचांनी वडिलांच्या आठवणीसाठी लावलेली अशोकाची रांग त्यांनी पहिल्याच दिवशी 'नंतरची' म्हणून लिहिली. सरपंच रडकुंडीला आले. काका म्हणाले, "तुज्या वडलांना मी वळखत व्हतो. द्येवमाणूस. पर झाडं नंतरचीच." आठ दिवसांत रांग गेली.

उरलेली यादी वाचायच्या दिवशी मी काकांचा डबा घेऊन गेले होते. हौदाच्या काठावर सरपंच, पुण्याचे इंजिनियर आणि अर्धं गाव जमलं होतं. माझं सगळं लक्ष चाफ्याकडे. तीस-पस्तीस वर्षांचं झाड, पण चाफाच तो. तरुणपणीच म्हातारा दिसणारा. काका वाचत वाचत तिथवर आले, थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चाफा, एक. मूळचा."

सरपंच जणू जन्मभर याच क्षणाची वाट पाहत होते. "पुरावा काय, काका?"

काकांनी टेप गुंडाळायला घेतली. एरवी दोन वेढ्यांत होणारं ते काम त्या दिवशी संपेना. शेवटी खाली बघत म्हणाले, "पुरावा न्हाई. मी सांगतोय."

मावशीबरोबर पाणी भरलेल्या चार म्हाताऱ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. इंजिनियर म्हणाले, "काका सांगताहेत म्हणजे प्रश्नच मिटला," आणि त्यांनी लिहून टाकलं. चाळीस वर्षं खरं बोलून साठवलेली सगळी पत काकांनी एका झाडावर उधळली.

पुढे बागेत फलक लागला. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे, पण त्यावर लिहिलं होतं, 'हा चाफा तीनशे वर्षांपूर्वी बेगमसाहेबांनी स्वहस्ते लावला.' काकांनी फलक दोनदा वाचला. हौदाच्या लांबीतली सहा इंचांची चूक पेन्सिलीने दुरुस्त केली. चाफ्याच्या ओळीपाशी पेन्सिल थोडा वेळ थांबली आणि परत कानामागे गेली.

त्यानंतर काका बिघडलेच. लोक चाफ्यापाशी आले की हे आपणहून बोलायला लागत. "बेगम लई हौशी. आन् तापट बी लई. पाणी सोता वाहायची, नवऱ्याला हात लावू द्यायची न्हाई." लोक थक्क व्हायचे. "बेगम? आणि स्वतः पाणी भरायची?" काका म्हणायचे, "डोक्यावर कळशी घिऊन. आवाज तर नदीपल्याड जायचा." ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोचं कौतुक केलं नाही, तो आता परक्या माणसांपुढे रोज तेच करत होता. हे मावशीला ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटे.

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची वही माझ्याकडे आली. खोटं बोलले तरी त्यांनी नोंदीचं पान फाडलं नव्हतं. तेवढं त्यांना जमलं नसावं. 'चाफा. सौ.ने लावला. हौदापासून अकरा फूट.'

मध्यंतरी ती वही पर्समध्ये घेऊन मी बागेत गेले. नवा रखवालदार कुणा पाहुण्यांना सांगत होता, "बेगम लई तापट व्हती म्हणं."

"याला पुरावा काय?" पाहुण्यांनी हसत विचारलं.

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावून टाकली. पायाशी पडलेली दोन फुलं उचलली आणि त्यांना म्हटलं, "पुरावा नाही हो. पण तापट होती, हे खरं."