बुंदीचं तिकीट

मुख्याध्यापक सर शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात आले आणि त्यांनी चपला काढल्या. एरवी ते चपला घालूनच उंबऱ्यावरून विचारायचे, भात झाला का म्हणून. मी वांगी चिरत होते. त्यांचे उघडे पाय बघूनच मी विळीवरून उठले. "विमलअक्का गेल्या," ते म्हणाले. "पहाटे. झोपेतच." त्यावर माझ्या तोंडून जे आलं त्याची मला अजून लाज वाटते. मी विचारलं, "आणि बुंदी?" सर म्हणाले, "अक्कांच्या दारात बसलीय. कुणालाच आत जाऊ देईना. तुम्हीच चला..."

त्याला आता सात आठवडे झाले. विमलअक्का आमच्या हुमनाबादच्या मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या आणि मी तिथंच मुलांचं दुपारचं जेवण रांधते. माझं माहेर राजापूरकडचं, समुद्राजवळचं. पाचवीत शाळा सुटली. पुढं लग्न झालं, नवऱ्याला इथल्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडं आले, आणि दोन वर्षांत तो वारला. माहेरी परत जायचा धीर नव्हता. इथली कानडी कळत नव्हती, इथली मराठीसुद्धा अर्धीच कळायची. त्यात मी जन्माची भित्री. गॅस बंद केला का ते बघायला तीनदा मागं फिरणारी. अशा बाईला अक्कांनी जवळ केलं, शाळेत काम मिळवून दिलं आणि पुढं शनिवारी-रविवारी गावंही दाखवली. त्यांना माझ्याशिवाय दुसरी सोबत मिळाली नसती असं नाही. पण त्यांनी मलाच नेलं, आणि त्याचे आभार मी कधी तोंडानं मानले नाहीत.

बुंदी सापडली शाळेच्या मागच्या राखेच्या ढिगात, एवढंसं कुत्रीचं पिल्लू. अंगावर पिवळे ठिपके, म्हणून पोरांनी नाव ठेवलं. अक्का एकट्या राहायच्या, त्यांनी ती घरी नेली. शनिवारी आमची शाळा दुपारच्या आत सुटते. पुढं दीड दिवस रिकामा. "घरात बसून भिंतीकडं बघायचं कामून? चल, हिला घिऊन कुठंतरी जाऊन येऊ," असं म्हणून त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, पाठीमागची कोरी बाजू माझ्यापुढं ठेवली आणि हातात पेन्सिल दिली. "मी सांगते, तू लिही." दर शुक्रवारी तसंच व्हायचं. कुठली बस कमी गर्दीची, बुंदीला कुठल्या फाट्यावर दोन मिनिटं उतरवायचं, पाणी कुठं मिळेल, मुक्काम कुणाकडं, रविवारची परतीची गाडी कितीची. बुंदीला निघायच्या आधी तीन तास खायला द्यायचं नाही, हे तर प्रत्येक पानावर आहे. मला वाटायचं त्यांना चष्म्याचा त्रास आहे म्हणून मला लिहायला लावतात. पुष्कळ दिवसांनी कळलं, त्या मला लिहायला शिकवत होत्या. आज हे जे लिहिते आहे ते त्याच पानांवर शिकलेलं आहे.

पहिल्या खेपेला आम्ही बसवकल्याणला निघालो. बसमध्ये कुत्रं घेतील का या धास्तीनं मला आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. शेवटी मी अक्कांना न विचारता पिल्लू बाजाराच्या पिशवीत घातलं आणि वर कोथिंबीर पसरली. बस सुटायच्या आतच कोथिंबीर हलायला लागली. वाहक बघून हसला, मी पिशवी पोटाशी धरली. पण अक्का चिडल्या त्या माझ्यावर. "सुले, हे काय करायलीस? जीव हाये तो, चोरीचा माल न्हाई." मग वाहकाकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, हिचं तिकीट फाडा." तो म्हणाला, "नायीचं तिकीट, टीचर?" कानडीत कुत्र्याला नायी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. "व्हय, नायीचं. नियमात हाये. फाडा." त्यानं फाडलं. अक्कांनी ते तिकीट बुंदीच्या गळ्यातल्या दोरीत खोचलं. पुढं तिच्यासाठी त्यांनी सुती दोरीचं लहानसं मुसकं विणलं, मळणीच्या बैलाला घालतात तसं, म्हणजे बसमधलं कुणी भिऊ नये. बुंदी ते घालून इतकी शहाण्यासारखी बसायची की बायका म्हणायच्या, आमची सून एवढी गप बसत न्हाई.

बसमध्ये चढायची आमची रीत ठरलेली होती. आधी मी, दोन्ही पिशव्या घेऊन, कारण जागा मिळते की नाही या काळजीनं मला धीर धरवत नसे. मग बुंदी. सगळ्यांत शेवटी अक्का, तिच्या पाठीवर हात ठेवून. "चल गं माय," एवढंच म्हणायच्या. मागून कुणी कुरकुर केली तर ती अक्कांना लागायची, आमच्यापर्यंत यायची नाही.

मुक्काम बहुतेक त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींकडं असायचा. दुबलगुंडीला महादेवीचं शेत आहे. अक्कांनी फोनवर सांगितलं होतं, आम्ही तिघी यायलाव. आम्ही पोचलो तर तीन ताटं मांडलेली, तीन पाट, तीन पांघरुणं. महादेवीची सासू रस्त्याकडं बघत बसलेली. "तिसरी बाई मागनं यायलीय काय?" अक्का म्हणाल्या, "आलीय की. ही काय, तुमच्या जात्यापाशी बसली." म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. पण मांडलेलं ताट तिनं उचललं नाही. "ताट मांडल्यावर उचलूने," म्हणाली, आणि ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून त्याच ताटात बुंदीपुढं ठेवली. परतताना वाटेत ओढा लागला, पाणी घोट्याएवढं. मी पुढं पाऊल टाकेना, तर अक्का म्हणाल्या, "समुद्राकाठची बाई तू, अन् एवढ्याशा वढ्याला भ्यायलीस?"

एकदा कारंजाच्या धरणाच्या काठी बसलो होतो. बुंदी ओल्या मातीत लोळत होती. अक्का आपण होऊन बोलायला लागल्या. त्यांचं गाव मादन हिप्परगा, आळंद तालुक्यातलं. शिकून नोकरी लागली तेव्हा गावातल्या त्यांच्या समाजातल्या त्या पहिल्याच. त्यांची आई बसमध्ये तिकीट काढूनसुद्धा दाराजवळ खालीच बसायची. "कुणी बस म्हणायचं न्हाई, कुणी ऊठ म्हणायचं न्हाई. तिची तीच बसायची, सवयीनं." आई वारली आणि घरात उरली आईची कुत्री, चिंगी. अक्का नोकरीच्या गावी निघाल्या तेव्हा चिंगी बसच्या मागं वेशीपर्यंत धावली. "मला वाटलं, बसमधी कुत्रं घेतच नसतील. विचारलंच न्हाई गं मी. शिकलेली मी... अन् विचारायचं सुचलं न्हाई. मायसारखी मी बी माझी माझी खालीच बसले म्हण." पुन्हा गावी गेल्या तेव्हा चिंगी नव्हती. कुत्र्याचं तिकीट निघतं हे त्यांना पुढं किती तरी वर्षांनी कळलं. "एकदा हिला तिकीट काढून त्या दारात न्यायचंय. मायच्या दारात हिच्यापुढं पाण्याची ताटली ठेवायचीय. बस, तेवढंच."

ते पान मीच लिहिलं होतं. मादन हिप्परगा. एका शनिवारी मी म्हटलं, बुंदीचा पाय दुखतोय. दुसऱ्या शनिवारी म्हटलं, दोन बस बदलायच्या, उन्हाचं नको. तिसऱ्या शनिवारी आभाळ आलं होतं, बुंदी गडगडाटाला घाबरते, म्हणून मी म्हटलं, पुढच्या शनिवारी जाऊ अक्का, नक्की. खरं सांगायचं तर बुंदीपेक्षा मीच घाबरले होते, अनोळखी गाव, बंद घर, मुक्कामाला ओळखीचं कुणी नाही. अक्का म्हणाल्या, "बरं. पुढल्या शनिवारी." त्या दिवशी पाऊस आलाच नाही. आणि बुधवारी सर चपला काढून दारात उभे राहिले...

अक्कांचा भाचा कलबुर्गीहून आला. भला माणूस. घर आवरताना म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय पाहिजे ते घ्या." मी बुंदी मागितली आणि कॅलेंडरची पानं. मग कितीक शनिवार बुंदी दुपारी मुसकं तोंडात धरून माझ्या दारात येऊन बसायची आणि मी तिच्याकडं पाठ करून भांडी घासत राहायचे.

गेल्या शनिवारी मी तिला घेऊन स्टँडवर गेले. सवयीनं पिशव्या घेऊन आधी चढले, खिडकीची जागा धरली, मागं बघितलं. बुंदीनं पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले होते आणि ती मान वळवून मागं बघत होती. मागं कुणीच नव्हतं. मी हाका मारल्या, दोरी ओढली. हलेना. वाहक तोच, कोथिंबिरीवाला. त्यानं शिट्टी तोंडाला लावली होती, ती काढली. "टीचर यायले न्हाईत काय आज?" त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. बस त्यानं सोडली नाही.

मग मी पिशव्या सीटवर टाकून खाली उतरले. बुंदीच्या मागं जाऊन उभी राहिले, अक्का उभ्या राहायच्या तिथं. तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि म्हटलं, "चल गं माय." ती चढली.

मादन हिप्परग्याला अक्कांच्या घराला कुलूप आहे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं तांब्याभर पाणी दिलं, कुणाची कोण विचारलं नाही. मी ताटली दारात ठेवली. बुंदी सगळं पाणी प्यायली, आणि मग उंबऱ्याला टेकून झोपली. मी तिथंच खाली बसून राहिले, परतीच्या बसची वेळ होईपर्यंत.

येताना जागा मिळाली नाही, उभ्यानं यावं लागलं. आता दर वेळी मिळणारही नाही. बुंदीच्या मागून मी शेवटी चढते.